रात्री दीडचा फोन आणि नंतरचे आठ महिने

गेल्या जुलैमध्ये एका रात्री दीड वाजता मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, नळ बारीक सोडला आणि १४४१६ लावला. नळ अशासाठी की बाहेरच्या खोलीत धाकट्या भावाला माझं बोलणं ऐकू जाऊ नये. तो पाच रात्री धड झोपला नव्हता. जेवताना ताटाकडे बघत म्हणाला होता, "ताई, मला आता नको झालंय सगळं."

आम्ही वडगाव बुद्रुकला राहतो. आई, तो आणि मी. आता मार्च उजाडलाय. या आठ महिन्यांत कशाचा उपयोग झाला आणि कुठे नुसते पैसे गेले, ते लिहून ठेवते. आजाराचं नाव लिहीत नाही. भावाने हा मजकूर वाचून तेवढी एकच अट घातली आहे.

१४४१६ म्हणजे टेली मानस. सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, वीस भाषांत. मराठी निवडलं की माणूस बोलतो. मला वाटलं होतं, "पेशंटकडे फोन द्या" म्हणतील. तसं नाही, नातेवाइकाने केलेला फोनही चालतो. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, आत्ता तो एकटा आहे का? घरात कोणकोणती औषधं आहेत? आणि मग, "जीव द्यायचा विचार मनात येतो का, असं त्याला सरळ विचारलंत का?"

मी म्हटलं, छे, विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल. त्या म्हणाल्या, भरत नाही. विचारल्यावर माणसाला बोलायला वाट मिळते.

बाहेर जाऊन त्याच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि विचारलं. तो "हो" म्हणाला आणि रडायला लागला. पाच दिवसांत पहिल्यांदा. आईच्या बीपीच्या गोळ्यांसकट औषधांचा अख्खा डबा त्याच रात्री शेजारच्या काकूंकडे गेला. काकूंनी कारण विचारलं नाही. पुण्यात असं घडलं यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण घडलं.

फोनकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. फोनवरचा समुपदेशक धीर देतो, धोका किती आहे ते जोखतो, गरज असेल तर वरच्या टप्प्यावरच्या तज्ज्ञाशी जोडून देतो. तो घरी येत नाही. प्रसंग हाताबाहेर गेला तर रुग्णवाहिकेचा १०८ किंवा तातडीच्या मदतीचा ११२, हे त्यांनीच बजावलं.

पहाटे चारला तो गच्चीकडे निघाला तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. मग रिक्षा काढून एका मोठ्या खाजगी रुग्णालयात गेलो. कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरने मान वर न करता सांगितलं, "आमच्याकडे सायकियाट्रीचे बेड नाहीत." झालं. दुसऱ्या दाराने बाहेर. नंतर वाचलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ९४ आहे. रुग्णाच्या जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार सुरू करू शकतो, जास्तीत जास्त बहात्तर तासांसाठी. तेव्हा हे माहीत असतं तर निदान भांडले तरी असते. याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही. आईला सगळ्यात मोठी धास्ती पोलिसांची होती. तिला हे दोनदा वाचून दाखवलं.

सकाळी ससूनला, म्हणजे पुण्याच्या सरकारी रुग्णालयात, केसपेपर काढला. तिथल्या मॅडमनी भावाशी पाऊण तास बोलून गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर त्याला एकटं सोडू नका. हे वाक्य कोणी सांगितलं नाही तर दहाव्या दिवशी घरचे गोळ्या बंद करतात. आम्हीही बाराव्या दिवशी त्याच विचारात होतो.

भावाची भीती वेगळीच होती. रिक्षा बंडगार्डनकडे वळली तसा त्याने माझा हात घट्ट धरला. "येरवड्याला नेतेस का?" आपण पुणेकर 'येरवड्याला पाठवा' हा विनोद लहानपणापासून करतो आणि तो असा उलटून येतो. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय अडीच हजारांहून जास्त खाटांचं आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे, आणि तिथे जाणारे बरेच जण संध्याकाळी आपापल्या घरी परततात. त्याला हे पटायला डिसेंबर उजाडला.

समुपदेशकांबद्दल थोडक्यात. पहिले एक गृहस्थ दीड हजार रुपये घेऊन 'पॉझिटिव्ह राहा' म्हणाले आणि लग्नाचं कुठवर आलंय असंही विचारून मोकळे झाले. दोन बैठकांनंतर बंद. दुसऱ्या बाईंना आधीच विचारलं, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला ती लागते. त्यांनी न रागावता क्रमांक सांगितला. त्या अजून चालू आहेत. बाकी समुपदेशकाची पाटी कोणीही लावू शकतो, हे मला चाळिशीत कळलं.

आता मला ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला ते. भावासाठी नाही, माझ्यासाठी.

ससूनच्या रांगेत एका आजींनी सांगितलं, "तू पण कुठेतरी बोल गं." पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, सगळे 'सा' म्हणतात. १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केली. अशा संस्थांमधून घरच्यांचे स्वमदत गट चालतात, हे त्या आजींमुळे कळलं. मी एका गटात जायला लागले. पहिल्या दिवशी दाराशीच चपला काढू की नको करत उभी होते. आत बारा-तेरा माणसं गोल बसलेली, मधे पार्ले-जीचा पुडा. एक निवृत्त शिक्षक सांगत होते की त्यांचा मुलगा आंघोळ करत नाही, म्हणून त्यांनी सांगणंच बंद केलं आणि रोज फक्त गरम पाण्याची बादली भरून ठेवायला सुरुवात केली. नवव्या दिवशी तो आंघोळीला गेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका काकूंनी फक्त विचारलं, "साबण वापरला का?" सगळे हसले, सरही. मी तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत हसले. मग बादलीचा प्रयोग आमच्याकडे गोळ्यांवर केला. "घेतलीस का?" हा प्रश्न बंद. वारांचे खण असलेली डबी ताटाशेजारी ठेवायची आणि दुसरंच काहीतरी बोलायचं. साठ टक्के यश. उरलेल्या चाळीस टक्क्यांत भांडणं.

गटात एक ताई यायच्या, त्यांचा प्रश्न नवऱ्याच्या दारूचा होता. त्यांना तिथल्याच कोणीतरी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा रस्ता दाखवला. ते १९८६ पासूनचं, आणि बायकांसाठी त्यांचा 'सहचरी' गट आहे. त्या तिकडे रमल्या. एका दारातून दुसऱ्या दाराचा पत्ता मिळतो तो असा. इंटरनेटवरच्या याद्यांमधले निम्मे नंबर मला बंद लागले होते.

नोव्हेंबरात माझीच गाडी रुळावरून घसरली. ऑफिसच्या जिन्यात बसून कनेक्टिंगला फोन केला. पुण्याचीच संस्था, दुपारी बारा ते रात्री आठ. स्वयंसेवक ऐकतात, सल्ला देत नाहीत. सल्ल्यांनी मी तोवर इतकी भरले होते की कोणीतरी नुसतं "हं" म्हणणं पुरलं. वीस मिनिटं बोलले, डोळे पुसले, वर जाऊन व्हाउचरं संपवली.

विम्याचं सांगण्यासारखं एवढंच की त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्यावा लागतो. भाऊ सप्टेंबरात सहा दिवस एका ठिकाणी दाखल होता. आमच्या विमा कंपनीने दावा आधी नाकारला. कलमाचा उल्लेख करून पत्र पाठवल्यावर 'विचाराधीन' झाला आहे. तिथेच आहे.

राहता राहिला दिवस. रात्रीसाठी फोन आहे, आजारासाठी डॉक्टर, माझ्यासाठी गट. पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्याने करायचं काय? एका दिवसकेंद्रात तीन आठवडे गेला. तिथे पाकिटं चिकटवायला दिली. "ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे." मी गप्प बसले, कारण त्याचं बरोबर होतं.

जानेवारीपासून तो धायरी फाट्याजवळ शाळेतल्या मित्राच्या सायकलच्या दुकानात बसतो. वाटलं तर चार तास, नाहीतर अर्धा. संध्याकाळी हात काळे करून येतो. परवा माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचा आउट काढून दिला आणि वर चाळीस रुपये मागितले. दिले.