माल्टा की एस्टोनिया: नोकरी, शिक्षण, घर आणि कंपनी

आधी दोन गैरसमज दूर करू. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी म्हणजे तिथे राहण्याचा परवाना नव्हे. डिसेंबर 2014 पासून मिळणारं हे कार्ड दुरून कंपनी नोंदवण्यासाठी आणि डिजिटल सहीसाठी आहे. त्यावर देशात प्रवेशसुद्धा मिळत नाही. आणि माल्टाचा ‘गोल्डन पासपोर्ट’, म्हणजे पैसे गुंतवून मिळणारं नागरिकत्व, संपला. युरोपीय न्यायालयाने 29 एप्रिल 2025 रोजी तो युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवला. या दोन नावांवर राहण्याची हमी देऊन कुणी फी मागत असेल, तर तिथूनच परत फिरा.

नोकरी

माल्टात इंग्रजी ही अधिकृत भाषा आहे, म्हणून हॉटेल, रुग्णसेवा, ऑनलाइन गेमिंग, हिशेबनिशी अशा कामांत पहिल्या दिवसापासून निभावतं. पण ‘सिंगल परमिट’, म्हणजे राहण्याचा आणि कामाचा एकत्र परवाना, एका मालकाशी आणि एका पदाशी बांधलेलं असतं. नोकरी बदलायची तर नवा अर्ज, आणि नोकरी सुटली तर दुसरी शोधायला मोजकेच दिवस. त्यामुळे करारात पद आणि पगार नेमका काय लिहिलाय, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी तपासा.

एस्टोनियात अडचण वेगळी. वर्षाला लोकसंख्येच्या 0.1 टक्के, म्हणजे साधारण 1300 परवाने, एवढाच स्थलांतराचा कोटा आहे. आयटीतले कर्मचारी, स्टार्टअप आणि विद्यार्थी त्याबाहेर राहतात. सॉफ्टवेअरवाल्याला म्हणूनच हा देश सोपा, स्वयंपाक्याला किंवा वेल्डरला अवघड. नोकरी पक्की असेल तर मालक अल्पकालीन रोजगाराची नोंदणी करतो आणि डी-व्हिसावर, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, जाता येतं.

2025 मध्ये किमान वेतन एस्टोनियात महिना 886 युरो आणि माल्टात आठवड्याला 221.78 युरो, म्हणजे महिन्याला सुमारे 961 होतं. आकडा माल्टाचा मोठा दिसतो, पण भाडं त्याचा बराचसा भाग खाऊन टाकतं.

घर आणि रोजचं जगणं

माल्टात फसगत होते ती भाड्याच्या घरात. 2020 पासून प्रत्येक भाडेकराराची हाउसिंग ऑथॉरिटीकडे नोंदणी सक्तीची आहे. करार नोंदवलेला नसेल तर परमिटसाठी पत्त्याचा पुरावा अडतो. दुसरी गोम वीज-पाण्याच्या बिलाची. घरात किती माणसं राहतात याची नोंद नसेल, तर सवलतीचा ‘रेसिडेन्शिअल’ दर न लागता महाग ‘डोमेस्टिक’ दर लागतो. ही नोंद करण्याचा फॉर्म घरमालकाकडून चावी घेतानाच सही करून घ्या. नंतर तो टाळाटाळ करू शकतो. दगडी घरांत हिवाळ्यात ओल धरते, भिंतींना बुरशी येते. जानेवारीत घर बघितलंत तर कोपरे नीट पाहा.

तालिनमध्ये डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास असतो, आणि हिवाळ्यात हीटिंगचं बिल भाड्यावर वेगळं येतं. भाडं ठरवताना गेल्या जानेवारीचं बिल मागायचं, हा चांगला नियम. पत्ता नोंदवलेल्या तालिनकरांना 2013 पासून शहराची बस-ट्राम फुकट आहे. माल्टातही 2022 पासून नावाच्या कार्डावर बस फुकट. माल्टात गाड्या डावीकडून चालतात, आपल्यासारख्याच.

शिक्षण

टार्टू विद्यापीठ 1632 चं, माल्टा विद्यापीठाची मुळं 1592 ची. संगणक, सायबर सुरक्षा शिकायची तर आमचा कौल एस्टोनियाला: अभ्यासक्रम इंग्रजीतून असतात आणि पदवीनंतर नोकरी शोधायला नऊ महिने मिळतात. मात्र पूर्णवेळ अभ्यासाचे क्रेडिट भरले नाहीत तर परवानाच धोक्यात येतो. दोन्हीकडे पदवीवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागू शकतो. महाराष्ट्रातल्या पदवीची आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, हा क्रम चुकला की महिना जातो.

पैसा

एस्टोनियात कंपनीत ठेवलेल्या नफ्यावर कर शून्य. लाभांश काढला की 2025 पासून त्या लाभांशाच्या 22/78 इतका कर. माल्टात कंपनी 35 टक्के भरते आणि भागधारकाला बहुतेक वेळा त्या कराचे सहा-सप्तमांश परत मिळतात, म्हणून शेवटी 5 टक्के पडतात. पण परताव्याची वाट पाहावी लागते आणि हिशेब तपासनिसाचा खर्चही असतो. लहान सल्लागार कंपनीला तो परवडत नाही.

पुण्यात बसून एस्टोनियन कंपनी चालवणाऱ्याने मात्र हे लक्षात ठेवावं: व्यवस्थापन भारतातून होत असेल, तर दुहेरी करटाळणी करारातल्या ‘स्थायी आस्थापने’च्या (देशातल्या व्यवसायाच्या कायम ठिकाणाच्या) कलमानुसार त्या नफ्यावर भारत कर मागू शकतो. भांडवल पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म) भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो, आणि प्राप्तिकर विवरणपत्रात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेची यादी, भरावं लागतं. पैसे आधी पाठवून कागद नंतर केले, की विलंब शुल्क आणि बँकेच्या चकरा सुरू होतात.

घर विकत घ्यायचं असेल तर एस्टोनियात परदेशी माणसाला फ्लॅट सहज घेता येतो, व्यवहार नोटरीकडे होतो. माल्टात खास नेमलेले प्रकल्प सोडले तर परदेशी माणसाला घर घेण्यासाठीचा एआयपी हा सरकारी परवाना लागतो. त्यावर घर एकच, तेही स्वतः राहायला. भाड्याने देता येत नाही.

पाचव्या वर्षी

इंग्रजीवर भागेल म्हणून माल्टा निवडणाऱ्यांची इथे अडचण होते. पाच वर्षांनंतरच्या दीर्घकालीन निवासासाठी माल्टात माल्टीज भाषेची परीक्षा 75 टक्क्यांनी पास व्हावी लागते, शिवाय शंभर तासांचा वर्ग. एस्टोनियात बी-1 म्हणजे मध्यम पातळीची एस्टोनियन; चौदा विभक्तींची भाषा. दोन-तीन वर्षं कमवून परतायचं असेल तर माल्टा घ्या. मुलांना तिथेच वाढवायचं असेल आणि हातात आयटीचं काम असेल, तर एस्टोनियन पहिल्या महिन्यापासून शिकायला लागा.