पीसीसाठी कंट्रोलर: एक्सबॉक्सचा की ड्युअलसेन्स?

पीसीवर खेळायला कंट्रोलर घ्यायचाय असं चारचौघांत म्हणून बघा. ऑफिसातला एकजण लगेच सांगेल, "डोळे झाकून एक्सबॉक्सचा घे." ज्याच्या घरी सोनीचा प्लेस्टेशन फाइव्ह (पीएस-फाइव्ह) आहे तो त्याच्या कंट्रोलरबद्दल म्हणेल, "ड्युअलसेन्स एकदा हातात धर, मग बोलू." दोघांचंही खरं असतं, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलत असतात. माझ्या घरी हे दोन्ही आहेत. शिवाय स्वस्तातला एक होता आणि चुंबकवाल्या स्टिकचा, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीचा, एक भाच्याकडून येऊन-जाऊन असतो. त्या जोरावर हे लिहितोय. मोजमापं काही केलेली नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर तासभर खेळणाऱ्या माणसाचं मत समजा.

किंमत, वजन, बॅटरी किती हे तुम्ही पाहिलंच असेल. दोघांच्या किमती इतक्या जवळ आहेत की सेल कुठे लागलाय यावरच फरक पडतो. त्यामुळे ते सोडून देतो.

हाताला कोण चांगलं लागतं, तर ड्युअलसेन्स. यात माझ्या मनात शंका नाही. पकड भरीव आहे, तळहातात नीट बसतो आणि त्याचा डी-पॅड (चार दिशांचं अधिक-चिन्हासारखं बटण) मऊ आहे. एक्सबॉक्सच्या २०२० नंतरच्या कंट्रोलरचा डी-पॅड टकटक वाजतो. काहींना तो आवाज आवडतो, बोटाला खात्री पटते म्हणतात. पण वन बीएचकेमध्ये रात्री अकराला, पलीकडे आई झोपलेली असताना, फाइटिंग गेम खेळायचा असेल तर हा मुद्दा लहान राहत नाही. (आईच्या लेखी दोन्ही वस्तू "रिमोट"च आहेत, आणि इतकी बटणं असलेल्या रिमोटने चॅनेल का बदलत नाही हे तिला अजून पटलेलं नाही.)

स्टिकच्या जागेवरून लोक फार वाद घालतात. एक्सबॉक्सवर डावी स्टिक वर, ड्युअलसेन्सवर दोन्ही स्टिक खाली शेजारी-शेजारी. माझा अनुभव असा की दोन-चार दिवसांत अंगठा जुळवून घेतो. लहानपणापासून प्लेस्टेशनवर खेळलेल्यांना एक्सबॉक्स थोडा तिरका वाटेल, तेवढंच.

ड्युअलसेन्सचं खरं वैशिष्ट्य त्याच्या ट्रिगरमध्ये (मागच्या, तर्जनीने दाबायच्या बटणांत) आणि कंपनात आहे. ट्रिगर गेमप्रमाणे घट्ट किंवा सैल होतो, धनुष्य ताणताना बोटाला जोर लावावा लागतो. कंपन नुसतं घूं-घूं नसतं. वाळूवरून चालणं आणि फरशीवरून चालणं यातला फरक हाताला कळतो. पहिल्यांदा अनुभवलं की माणूस हरखतो, मीही हरखलो. पण पीसीवर हे त्याच गेममध्ये मिळतं ज्यांनी मुद्दाम त्याची सोय केली आहे, आणि बहुतेक ठिकाणी केबल लावल्यावरच. ब्लूटूथवर तो साधा कंट्रोलर होऊन बसतो. म्हणजे ज्यासाठी घ्यायचा ते सुख पीसीवर थोड्या गेमपुरतं आणि तारेच्या लांबीपुरतं.

केबल लावली की अजून एक गंमत होते. ड्युअलसेन्समध्ये स्पीकर आणि हेडफोनची जागा असल्यामुळे विंडोज त्याला साउंड डिव्हाइससुद्धा समजतं आणि कधीकधी सगळा आवाज तिकडेच वळवतं. गेम चालू, चित्र चालू, स्पीकर गप्प. सेटिंगमध्ये जाऊन एकदा बदललं की झालं, पण पहिल्यांदा माणूस स्पीकरच्या वायरी उपसत बसतो.

इथवर वाचून वाटेल की माझा कल ड्युअलसेन्सकडे आहे. हाताचा आहेच. पण रोज खेळायला मी दुसराच उचलतो, आणि त्याचं कारण एकच आहे. त्यावर जरा सविस्तर बोलतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही.

२००५ साली एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने कंट्रोलरशी बोलायची एक नवी पद्धत काढली, एक्सइनपुट. त्याआधी डायरेक्टइनपुट होतं. त्यात कुठल्याही कंपनीचा कसलाही जॉयस्टिक चालायचा, पण कुठलं बटण कशासाठी हे प्रत्येक गेममध्ये खेळणाऱ्याने जुळवत बसायचं. एक्सइनपुटने ते ठरवूनच टाकलं: इतकी बटणं, दोन स्टिक, दोन ट्रिगर, एका वेळी चार खेळाडू. गेम बनवणाऱ्यांचं काम सोपं झालं आणि पीसीवरचे बरेचसे गेम फक्त एक्सइनपुटलाच ओळखायला लागले. सोनीचा कंट्रोलर ही भाषा बोलत नाही. विंडोजला तो दिसतो, जोडला गेल्याचंही सांगतं, पण गेमच्या दृष्टीने खोलीत कोणी नसतं.

स्टीमने, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने, ही पोकळी भरून काढली. २०१६च्या अखेरीस ड्युअलशॉक ४ (सोनीचा आधीचा कंट्रोलर) आणि २०२०मध्ये ड्युअलसेन्स स्टीमवर चालायला लागला. स्टीम दोघांच्या मध्ये बसून तुमच्या बटणांचं एक्सइनपुट करून गेमला देतं. तुमचे सगळे गेम स्टीमवरच असतील तर हा पूर्ण मजकूर तुमच्यासाठी जवळजवळ गैरलागू आहे. खुशाल ड्युअलसेन्स घ्या.

माझे तसे नाहीत. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाचे लोक दर गुरुवारी एक गेम फुकट देतात, आपल्याकडे तो रात्री साडेआठ-साडेनऊला उघडतो. पुण्यात गुरुवार म्हणजे कुठे दुरुस्तीसाठी वीज बंद, कुठे पाणी बंद. आठवड्यातला एवढा कटकटीचा वार, त्यात ही एकच गोष्ट फुकट येते, ती सोडणारा पुणेकर मला भेटायचाय. त्यात मायक्रोसॉफ्टचा वर्गणीवरचा गेम पासही आहे. म्हणजे निम्मं खेळणं स्टीमच्या बाहेर.

स्टीमच्या बाहेर ड्युअलसेन्स चालवायचा तर मध्ये एक दुभाषी प्रोग्राम बसवावा लागतो. डीएसफोरविंडोज हा त्यातला सर्वांत माहितीचा. तो पडद्यामागे एक खोटा एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर तयार करतो आणि तुमची बटणं त्याच्यामार्फत गेमला पोचवतो. फुकट आहे, चांगला आहे, लोकांनी मेहनतीने बनवलाय. पण काही गेमना आता दोन कंट्रोलर दिसतात, खरा आणि खोटा. दोन्हीकडच्या भटजींनी एकाच वेळी मंगलाष्टकं सुरू करावीत तसं होतं. मेनूत एकदा खाली दाबलं की दोन ओळी खाली. एक उडी मागितली की दोन. मग खरा कंट्रोलर गेमपासून लपवायला हिडहाइड (HidHide) नावाचा दुसरा प्रोग्राम. तो बसवला की पुढच्या वेळी स्टीमवरचा गेम उघडताना स्टीमचंही भाषांतर चालू असतं, ते त्या गेमपुरतं बंद करायचं. एका आजारावर तीन औषधं, आणि प्रत्येक औषधाचा वेगळा वार.

स्टीममध्ये बाहेरचा गेम घालून तिथून सुरू करायचाही एक मार्ग आहे. बऱ्याच गेमना चालतो. गेम पासचे गेम त्याला फारशी दाद देत नाहीत. आणि दुभाषी प्रोग्राम ज्या ड्रायव्हरवर उभा आहे, त्याचं काम त्याच्या निर्मात्याने २०२३मध्ये थांबवलं. आज चालतो. पण विंडोजचा प्रत्येक मोठा अपडेट आला की माझं लक्ष आधी तिकडे जातं.

हे सगळं जमतं का? जमतं. मी आयटीत आहे, दिवसभर हेच करतो. म्हणूनच रात्री साडेदहाला पुन्हा तेच करायची इच्छा नसते. माझ्याकडे एक तास असतो. त्यातली पंधरा मिनिटं ड्रायव्हरच्या नावे गेली की गेम कितीही सुंदर असो, चहा गार झालेला असतो. एक्सबॉक्सचा कंट्रोलर केबलने लावला की गेम विचारतच नाही. स्टीम असो, एपिक असो, दहा वर्षांपूर्वीचा गेम असो. स्क्रीनवर जे अक्षर दिसतं तेच बटण हाताखाली असतं. ड्युअलसेन्सवर स्क्रीन एक्स दाबा म्हणते आणि तुमचं बोट सवयीने फुलीवर जातं. एक्सबॉक्सचा एक्स डावीकडे असतो, सोनीची फुली खाली. घाईच्या प्रसंगात हा फरक महागात पडतो.

न्यायाने सांगायचं तर नवीन गेम हळूहळू ड्युअलसेन्सला थेट ओळखू लागलेत, सोनीचे स्वतःचे पीसीवर आलेले गेम तर ओळखतातच. अजून चार-पाच वर्षांनी ही तक्रार कदाचित उरणार नाही. पण आपण कंट्रोलर आज घेतोय.

एक्सबॉक्सवालाही गुणांचा पुतळा नाही. त्यात अजून पेन्सिल सेल घालावे लागतात, दोन. चार्ज होणारे सेल आणि चार्जर एकदा घेऊन ठेवला की प्रश्न मिटतो, पण तो खर्च वेगळा धरा. ब्लूटूथवर त्याच्या हेडफोनच्या जागेत आवाज येत नाही. केबलने जोडला तर सेल काढून ठेवले तरी चालतो, आणि मी तसाच वापरतो.

केबल दोन्हींच्या डब्यात येत नाही, हे लक्षात ठेवा. घरातली कुठलीही यूएसबी-सी चालेल असं वाटतं, पण खणातल्या निम्म्या केबल फक्त चार्जिंगच्या असतात. दिवा लागतो, कंट्रोलर दिसत नाही. डेटाची केबल मागून घ्या, तीन मीटरची मिळाली तर उत्तम.

ब्लूटूथवरच खेळायचं असेल तर एक बघा. डेस्कटॉपच्या वाय-फायवाल्या मदरबोर्डबरोबर मागे पिळून बसवायचे दोन अँटेना येतात. बरेचजण ते डब्यातच ठेवतात, वाय-फाय कशाला म्हणून. ब्लूटूथही त्यावरच चालतं. शिवाय कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला टेकवलेलं, आणि सोसायटीत आजूबाजूच्या प्रत्येक फ्लॅटचा राउटर त्याच २.४ गिगाहर्ट्झवर. मग कंट्रोलर अडखळतो आणि दोष त्याला मिळतो. अँटेना लावून कॅबिनेट वर घेतलं की माझ्याकडे तरी अडखळणं थांबलं.

आता तिसरा पर्याय, जो मला वाटतं जास्त लोकांनी विचारात घ्यावा. एक्सबॉक्स आणि ड्युअलसेन्स, दोघांच्याही स्टिक घासणाऱ्या भागावर चालतात. दोन-तीन वर्षांत तो भाग झिजला की ड्रिफ्ट सुरू होतं, हात न लावता खेळाडू डावीकडे चालत सुटतो. सोल्डरिंग येत असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं आणि स्टिक बदलता येते, पण ते चिकाटीचं काम आहे. हॉल-इफेक्टच्या स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे ती झीज नाही. कल्पना नवी नाही, सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये १९९८लाच होती. गेमसरचा जी-सेव्हन एसई हा तारेचा आणि एक्सबॉक्सचं लायसन्स असलेला कंट्रोलर याच प्रकारचा. भाच्याकडे तोच आहे. प्लास्टिक एक्सबॉक्सच्या मूळ कंट्रोलरइतकं दाट लागत नाही, ट्रिगर हलके वाटतात, पण गेम त्यालाही काही विचारत नाही. एटबिटडोचे (8BitDo) काही कंट्रोलरही या वर्गात येतात. घेताना गॅरंटी भारतातली आहे का तेवढं बघा.

हजार-दोन हजारांतले कंट्रोलर वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. फुटबॉलला दुसरा खेळाडू हवा म्हणून ते ठीक. माझ्याकडचा कुठल्या कंपनीचा ते सोडा. त्याला दोन मोड होते, एक्सइनपुटचा आणि जुन्या पद्धतीचा. झोपेतून उठला की कधी या मोडमध्ये, कधी त्या. मधलं बटण दाबून धरून दिवे बदलेपर्यंत थांबायचं. पुन्हा तीच कटकट, फक्त स्वस्तात. कार रेसिंग खेळत असाल तर ट्रिगर हळूहळू दाबता येतो की नुसता चालू-बंद आहे हे आधी विचारा. निन्टेन्डोच्या स्विच प्रो कंट्रोलरचे ट्रिगरसुद्धा चालू-बंदच आहेत. हातात सुंदर, पण अर्धा अ‍ॅक्सिलरेटर देता येत नाही.

तर घरी पीएस-फाइव्ह असेल, किंवा गेम सगळे स्टीमवर आणि खुर्ची पीसीच्या जवळ, तर ड्युअलसेन्स घ्या, हात दुवा देईल. बाकी सगळ्यांना मी एक्सबॉक्सचा सुचवेन, आणि तारेचं वावडं नसेल तर त्याआधी हॉल-इफेक्टवाला बघायला सांगेन. माझा ड्युअलसेन्स मी विकलेला नाही. ट्रिगरची मजा देणारा गेम लागला की काढतो. एक्सबॉक्सवाला मात्र टेबलावरून हलत नाही.

कुठलाही घेतलात तरी त्याच दिवशी विंडोजच्या रनमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करून उघडा. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला तिथे दोन्ही ट्रिगर एकाच पट्टीवर दिसतील, तो दोष नाही, डायरेक्टइनपुटमध्ये ते तसंच दिसतं. स्टिक सोडल्यावर खूण मध्यभागी परत येते का आणि कडेने फिरवताना मध्येच अडते का, एवढं पाहा. परत येत नसेल किंवा अडत असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत बदलून घ्या. आणि डबा तोवर रद्दीवाल्याला देऊ नका.