लांब हात की हलके पाय: २०२०च्या चार टॅकलांवरून पुढची निवड

एप्रिलमधल्या एनएफएल ड्राफ्टआधी (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे संघ यात कॉलेजचे खेळाडू निवडतात) ऑफेन्सिव्ह टॅकलांची, म्हणजे रांगेच्या टोकांना उभे राहून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्यांची, क्रमवारी लावताना दोन नावांपाशी हमखास अडायला होते. एकाचे हात लांब, अंगकाठी दांडगी. दुसऱ्याचे पाय हलके, पण मोजपट्टीवर तो थोडा उणा. वर कुणाला ठेवायचे? हे ठरवायला २०२०ची तुकडी फार उपयोगी पडते. तेव्हा पहिल्या १३ निवडींत चार टॅकल गेले, चौघे चार तऱ्हांचे, आणि पुढे कुणाचे काय झाले हे आज समोर आहे.

| | अँड्र्यू थॉमस | जेड्रिक विल्स | मेकाय बेक्टन | ट्रिस्टन वर्फ्स |
|---|---|---|---|---|
| कॉलेज | जॉर्जिया | अलाबामा | लुईव्हिल | आयोवा |
| निवड | ४, जायंट्स | १०, ब्राउन्स | ११, जेट्स | १३, बकनियर्स |
| वजन (पौंड) | ३१५ | ३१२ | ३६४ | ३२० |
| हात (इंच) | ३६.१ | ३४.२५ | ३५.६ | ३४ |
| ४० यार्ड (सेकंद) | ५.२२ | ५.०५ | ५.१० | ४.८५ |
| कॉलेजातली बाजू | मुख्यतः डावी | उजवी | दोन्ही | मुख्यतः उजवी |

हाताच्या लांबीवर क्रम लावला असता तर थॉमस, बेक्टन, विल्स, वर्फ्स असा लागला असता. कारकिर्दीचा क्रम तसा नाही. वर्फ्स २०२१मध्ये उजवा टॅकल म्हणून ऑल-प्रोच्या (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या) पहिल्या संघात आला, २०२३मध्ये डावीकडे गेला आणि २०२४मध्ये तिथेही पहिल्या संघात बसला. चौघांत सर्वांत शेवटी निवडला गेलेला खेळाडू तो. हा टॅकल की गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणारा), अशी शंका त्याच्याबद्दल घेतली जात होती.

त्याच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) ४.८५पेक्षा मोलाचा आकडा होता उभ्या उडीचा: ३२० पौंड वजनाला ३६.५ इंच. लाइनमन (टॅकल-गार्डसारखा पुढच्या रांगेतला खेळाडू) सामन्यात ४० यार्ड क्वचितच धावतो. त्याचे काम पहिल्या दोन पावलांत आणि धक्का अंगावर घेताना असते, आणि दोन्हीकडे जोर मांड्या-कमरेतून येतो. म्हणून उभी उडी, लांब उडी आणि पहिल्या १० यार्डांची वेळ आधी पाहा. ४० यार्ड शेवटी. वर्फ्स शाळेत असताना २०१७मध्ये आयोवा राज्याचा हेवीवेट कुस्ती विजेताही होता आणि २८५ पौंडांची मर्यादा गाठायला त्याने वजन उतरवले होते. बूड खाली ठेवून समोरच्याचा तोल ओळखण्याची ती सवय त्याच्या ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे समोरच्याला अडवण्यात, स्पष्ट दिसते. लाइनमनच्या नोंदीत शालेय कुस्ती दिसली तर ती ओळ वाचून सोडून देऊ नका.

थॉमसची गोष्ट उलट बाजूने शिकवते. चौघांत सर्वांत संथ, पण हात ३६ इंचांहून लांब. पहिल्या मोसमात तो खूप मार खाऊन गेला आणि त्याच मोसमात त्याचे लाइन प्रशिक्षकही मध्येच बदलले. पुढच्या वर्षी तो सावरला, २०२२मध्ये ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात आला. लांब हातांचा खरा उपयोग हा: पाऊल चुकले तरी रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू) छातीपर्यंत पोचायच्या आत सावरायला अर्धा क्षण मिळतो, आणि तंत्र बसेपर्यंत तो अर्धा क्षण तारतो. मात्र पायांत चपळाई मुळातच नसेल तर हात कितीही लांब असोत, चूक फक्त उशिरा दिसते.

विल्सचे तंत्र चौघांत अनेकांना सर्वांत स्वच्छ वाटत होते. अलाबामाचा क्वार्टरबॅक तुआ टागोवाइलोआ डावखुरा, त्यामुळे त्याच्या पाठीमागची बाजू उजव्या टॅकलकडे होती. यावरून ‘हा तर पाठ राखतोच आहे, डावीकडे सहज जाईल’ असा तर्क मांडला गेला. तर्कात खोट अशी की जबाबदारी तीच असली तरी शरीर आरशात पाहिल्यासारखे उलटते: मागचा पाय पुढचा होतो, ढकलणारा पाय बदलतो, आधी उघडणारा हात बदलतो. ब्राउन्सनी त्याला लगेच डावीकडे लावले. काही काळ काम बरे चालले, पण वरच्या फळीत तो कधी पोचला नाही. नंतर गुडघ्याच्या दुखापती आल्या आणि पाच मोसमांनंतर संघाने त्याला ठेवले नाही. सगळा दोष बाजूबदलावर टाकता येणार नाही. पण बाजू बदलावी लागणाऱ्या खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या अपेक्षा खाली आणाव्यात, हे नक्की. वर्फ्सने बाजू बदलली ती तीन व्यावसायिक मोसम खेळून झाल्यावर, हा फरक लक्षात घ्या.

बेक्टनचे ३६४ पौंडांना ५.१० सेकंद पाहून सगळेच थक्क झाले होते. पहिला मोसम चांगला गेला. २०२१च्या पहिल्याच सामन्यात गुडघा गेला, २०२२ पूर्ण हुकले. मग २०२४मध्ये ईगल्सने त्याला उजवा गार्ड केले आणि त्या मोसमाचा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) त्याने जिंकला. गार्डला दोन्ही बाजूंनी सोबती असतात, मोकळ्या जागेत एकट्याने मागे सरकत जाण्याचे काम कमी, त्यामुळे त्याचे वजन ओझे न राहता ताकद झाले. असा खेळाडू यादीत असेल तर ‘टॅकल म्हणून फसला तर कुठे बसेल’ हे आधीच लिहून ठेवा.

आता फिल्म. निर्णय मुख्यतः इथे होतो, आणि बहुतेकांची चूकही इथेच होते. कॉलेजचे संघ स्क्रीन (जवळच दिलेला झटपट पास), आरपीओ (धाव की पास हे ऐनवेळी ठरवणारा डाव) आणि प्ले-अॅक्शन (धावेचा बनाव करून पास) भरपूर खेळतात. त्यात टॅकलची परीक्षाच होत नाही. चार-पाच सामने निवडा, त्यातले निदान दोन तगड्या एज रशरसमोरचे (टोकाकडून येणाऱ्या रशरसमोरचे). वरील सर्व प्रकार आणि झटपट फेकलेले चेंडू बाजूला काढून फक्त क्वार्टरबॅक मागे जाऊन थांबतो असे डाव ठेवा. ३०-४० जमले की पुरे. प्रत्येक डाव दोनदा पाहा: एकदा फक्त पाय, एकदा फक्त हात. हरलेल्या डावापुढे कारण लिहा.

कारणे ठरलेली असतात. रशर बाहेरून गेला तर बहुधा नितंब लवकर उघडला, दार उघडावे तसा. आतून गेला तर टॅकल भीतीने जास्त बाहेर सरकला होता. ढकलून क्वार्टरबॅकवर नेला तर गुडघे सरळ झाले होते किंवा हात रुंद पडून पकड खांद्याबाहेर गेली होती. डोके पायाच्या बोटांपुढे गेले की तोल गेलाच. हाताची वेळ आणि जागा शिकवून सुधारते, जास्त बाहेर सरकणेही सुधारते. कंबर ताठ असणे आणि दुसऱ्या पावलात जड पडणे फार सुधारत नाही. दोघे समान वाटले तर ज्याच्या चुका पहिल्या गटातल्या, तो वर.

हाताच्या मापाकडे उंबरठा म्हणून पाहा, गुण म्हणून नाही. टॅकलला ३३ इंच ही जुनी खूणगाठ. लुइझियाना स्टेटच्या (एलएसयू) विल कॅम्पबेलचे हात २०२५च्या कंबाइनमध्ये ३२ ५/८ भरले आणि कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजातच होणाऱ्या चाचणीत) ३३. मोजणाऱ्याच्या टेपने एवढा फरक पडतो. पेट्रियट्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेऊन डावीकडेच लावले. रशॉन स्लेटर ३३ इंचांवर चार्जर्सचा डावा टॅकल झाला. दुसरीकडे झॅक मार्टिन नोत्र दामचा डावा टॅकल, हात ३३ इंचांच्या आत. काउबॉइजनी २०१४मध्ये त्याला १६व्या क्रमांकावर घेऊन गार्ड केले आणि तो त्याच्या पिढीतला सर्वोत्तम गार्ड झाला. उंबरठ्याच्या किंचित खाली असलेल्याचे पाय उत्तम असतील तर टॅकल म्हणूनच गुण द्या. पाय मध्यम आणि धक्का पेलण्याची ताकद पक्की असेल तर गार्ड म्हणून.

संघाची पद्धतही पाहावी लागते. आउटसाइड झोनवर (चेंडू बाहेरच्या बाजूने पळवण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या संघाला आडवे धावून लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) गाठणारा हलका टॅकल हवा. तिथे बेक्टनच्या वजनाचा खेळाडू दोन जागा खाली. सरळ पुढे रेटणाऱ्या संघात तोच दोन जागा वर. क्वार्टरबॅक चेंडू फार वेळ हातात ठेवत असेल तर लांब हातांना जास्त भाव द्या, कारण डाव लांबला की प्रत्येक टॅकल केव्हा ना केव्हा चुकतोच.

वैद्यकीय बाजू बाहेरून पूर्ण दिसत नाही, तरी हुकलेले सामने मोजता येतात. ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स २०२४च्या ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचा पटेला टेंडन फाटल्याने बाहेर गेला आणि २०२५मध्ये ३२व्या क्रमांकापर्यंत घसरला. चीफ्सनी त्याला घेतले. ३३० पौंडांपलीकडच्या खेळाडूचा गुडघा किंवा घोटा एकदा गेला असेल तर दुखापतीआधीची आणि नंतरची फिल्म शेजारी लावून फक्त मागे सरकणारे पाऊल पाहा. ते आखूड झाले असेल तर त्याला ड्राफ्टची एक पूर्ण फेरी खाली उतरवा.