बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

गुहागरजवळचं घर, मागची नारळी-पोफळीची वाडी. मुलगा पुण्यात, मुलगी ठाण्यात. काका विचारतात, आत्ताच बक्षीसपत्राने नावावर करून देऊ की मृत्युपत्र करू?

आधी खर्चाचं बघू. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. वर नोंदणीचा खर्च आणि स्थानिक संस्थेचा अधिभार. पुतण्याला द्यायची तर ही सवलत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. दोन साक्षीदार मात्र हवेतच.

आयकर दोन्हीकडे सारखाच. मुलांना मिळताना कर नाही, वारसा कर तर 1985 मध्येच गेला. पुढे घर विकलं तर नफा काकांच्या मूळ खरेदी किमतीवरूनच मोजतात. सुनेच्या नावे बक्षीसपत्र केलंत, तर घराचं भाडं मात्र सासऱ्यांच्याच उत्पन्नात धरतात.

खरा प्रश्न ताब्याचा. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. म्हणून सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहाच. ती मोडली तर ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली दाद मागता येते. मृत्युपत्र शेवटपर्यंत बदलता येतं.

सातबारा सामाईक असेल तर आपल्या हिश्शापेक्षा जास्त दोन्हीत देता येत नाही.

मुलगा गावी येऊन वाडी कसणार असेल, भावंडांत एकमत असेल, तर बक्षीसपत्र. काका-काकू स्वतः तिथे राहणार असतील, तर मी मृत्युपत्रच सांगेन, तेही नोंदवलेलं.