लेटरबॉक्स्ड: वर्षभर पाहिलेल्या चित्रपटांची रोजनिशी

नियमितपणे चित्रपट पाहणाऱ्या कोणालाही डिसेंबरअखेरीस ‘यंदा काय काय पाहिले?’ असे विचारले, तर दिवाळीनंतरचे चित्रपट भराभर आठवतात, मोठ्या पडद्यावर पाहिलेले एखाददुसरे त्यांत भर घालतात आणि उरलेले वर्ष धूसर होऊन जाते. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात किंवा पणजीच्या इफ्फीत दिवसाला चार-पाच चित्रपट पाहणाऱ्यांची तर महोत्सव संपण्यापूर्वीच गल्लत होऊ लागते. इराणी चित्रपटातला प्रसंग तुर्की चित्रपटाच्या नावावर सांगितला जातो आणि ज्या चित्रपटाने खरोखर अस्वस्थ केले होते त्याचे नावच जिभेवर येत नाही. पाहिलेला चित्रपट आपल्याजवळ राहावा असे ज्याला मनापासून वाटते, त्याने नोंद ठेवलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांपैकी लेटरबॉक्स्ड ही सेवा मी बराच काळ वापरत आलो आहे. तिचा समाजमाध्यम म्हणून पुष्कळ गाजावाजा झाला आहे. मी मात्र येथे एक रोजनिशी म्हणून, आणि तीही मराठी प्रेक्षकाच्या हातातली रोजनिशी म्हणून, ती कशी उतरते याचाच विचार करणार आहे.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात मॅथ्यू ब्युकॅनन आणि कार्ल फॉन रँडो या दोघांनी २०११ मध्ये ही सेवा सुरू केली. ती संकेतस्थळावर चालते, तसेच आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींवर तिचे ॲप आहे. खाते उघडण्यास पैसे पडत नाहीत. विनामूल्य खात्यावर जाहिराती दिसतात, परंतु रोजनिशी लिहिण्याचे मूळ काम त्यावर पूर्णपणे करता येते.

नोंद करण्याची पद्धत साधी आहे आणि तिच्यामागे चांगला विचार आहे. चित्रपट शोधून नोंदीची चौकट उघडली की पाहिल्याची तारीख आपोआप आजची येते आणि ती हवी तितकी मागे नेता येते. हा चित्रपट पूर्वी पाहिला आहे का, हे सांगण्यासाठी एक वेगळी खूण असते. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुण देता येतात, गुणांशी संबंध नसलेले ‘आवडला’ असे सांगणारे हृदयाचे चिन्ह असते, मोकळा मजकूर लिहिण्यास जागा असते आणि आपल्या सोयीचे टॅग लावता येतात. मी टॅगचा उपयोग केवळ चित्रपट कोठे पाहिला हे सांगण्यासाठी करतो: चित्रपटगृह, महोत्सव, घरचा दूरचित्रवाणी संच, प्रवासातला फोन. वर्षाच्या शेवटी हे टॅग चाळले की आपण कोणत्या चित्रपटांना नीट पडदा दिला आणि कोणते डुलक्या घेत उरकले, हे लख्ख कळते.

येथे नव्या वापरकर्त्याने एक भेद ध्यानात घ्यायला हवा, कारण ॲप तो पुरेसा स्पष्ट करीत नाही. चित्रपटाच्या पानावरच्या डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवले, की तो ‘पाहिलेल्या’ चित्रपटांत जमा होतो, पण रोजनिशीत जात नाही. नुसते तारे दिले तरी तसेच होते. तारीख घालून नोंद केली तरच ती रोजनिशीच्या पानावर येते. वरकरणी गोंधळाचा वाटणारा हा भेद मला मात्र मोलाचा वाटतो. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट पाहत मोठ्या झालेल्या पिढीने शेकडो चित्रपट पाहिलेले आहेत, पण त्यांची तारीख आज कोण सांगणार? अशा चित्रपटांवर डोळ्याची खूण करावी आणि रोजनिशी आजपासून लिहावी. आठवत नसलेल्या तारखा अंदाजाने भरल्या की रोजनिशीवरचा आपलाच विश्वास उडतो.

रोजनिशीचे पान हा या सेवेचा सर्वांत सुंदर भाग आहे. डावीकडे महिना, मग दिवसाचा आकडा, चित्रपटाचे चिमुकले पोस्टर आणि नाव, प्रदर्शनाचे वर्ष, तारे, हृदय, पुन्हा पाहिल्याची खूण आणि मजकूर लिहिला असल्यास त्याचे चिन्ह, असे सगळे एका ओळीत बसते. पान खाली सरकवत गेले की वर्ष डोळ्यांसमोर उलगडते. कोणत्या महिन्यात ओळीने थरारपट पाहिले, परीक्षांच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत कसा खंड पडला, एखादा दिग्दर्शक सापडल्यावर आठवडाभर त्याचेच चित्रपट कसे पाहिले गेले, हे वेगळे लिहावे लागत नाही.

तारे देण्याविषयी मात्र माझा आक्षेप आहे. चित्रपट संपताच ॲप पाच रिकामे तारे समोर धरते आणि बोट आधी तिकडे जाते. एकदा साडेतीन तारे देऊन झाले, की काम संपल्यासारखे वाटते आणि लिहायचे राहून जाते. पुढे दोन वर्षांनी ते साडेतीन तारे काहीही सांगत नाहीत. उलट दोन वाक्ये लिहिलेली असतील, तर चित्रपटही परत येतो आणि तो पाहणारे आपणही परत येतो. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या २०१४ च्या चित्रपटाच्या माझ्याकडे दोन नोंदी आहेत आणि दोन्हींना तारे सारखेच आहेत. पहिल्या नोंदीत कोकणातल्या गावात नव्याने आलेल्या मुलाची इतर मुलांशी जमत जाणारी मैत्री आणि पाऊस यांविषयीच लिहिलेले आहे. आईचा उल्लेखसुद्धा नाही. दुसरी नोंद जवळजवळ सगळीच अमृता सुभाष यांनी उभ्या केलेल्या आईविषयी आहे: नवऱ्याच्या मृत्यूनंतर बदलीच्या गावी नोकरी सांभाळणारी बाई, घरी आल्यावर तिचे खांदे कसे उतरतात, मुलाशी बोलताना ती शब्द कसे मोजून वापरते. ताऱ्यांनी या दोन पाहण्यांतला फरक सपाट करून टाकला असता. म्हणून माझा आग्रह असा की आधी मजकूर लिहावा आणि तारे दुसऱ्या दिवशी द्यावेत, किंवा देऊच नयेत. ॲप त्यासाठी अडवत नाही. प्रत्येक पाहण्याची नोंद स्वतंत्र राहते, आधीची पुसली जात नाही, ही सोय ज्याने योजली त्याला चित्रपट पुन्हा पाहण्याचा अर्थ कळलेला आहे.

आता मराठी चित्रपटांविषयी. लेटरबॉक्स्डची स्वतःची चित्रपटसूची नाही. चित्रपटांची नावे, कलावंत, पोस्टर आणि भाषा ही सारी माहिती टीएमडीबी या खुल्या सूचीतून येते आणि ती सूची जगभरचे हौशी लोक भरतात. याचा परिणाम उघड आहे. अलीकडचे गाजलेले मराठी चित्रपट व्यवस्थित सापडतात. पण जुन्या चित्रपटांकडे वळले की कलावंतांची यादी अर्धवट, संगीतकाराचे नाव नाही, पोस्टरच्या जागी राखाडी चौकोन, असे वारंवार दिसते. शोध घेताना वर्ष पाहणेही आवश्यक असते. ‘श्यामची आई’ म्हटले की आचार्य अत्रे यांचा १९५३ चा, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट समोर येईल असे आपण धरून चालतो. पण त्याच नावाचा सुजय डहाके यांचा २०२३ चा चित्रपटही आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या काळातल्या द्वैभाषिक चित्रपटांच्या बाबतीत अधिकच जपावे लागते. व्ही. शांताराम यांचा १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित झाला होता. आपण कोणती आवृत्ती पाहिली, हे अशा वेळी सूचीवर न सोपवता मजकुरात स्पष्ट लिहावे.

या उणिवेचा दोष मी सेवेला देत नाही, कारण ती भरून काढण्याचा रस्ता खुला आहे. टीएमडीबीवर विनामूल्य खाते उघडून कोणालाही नवा चित्रपट घालता येतो, देवनागरीत मूळ नाव लिहिता येते, श्रेयनामावली पूर्ण करता येते, आणि ती माहिती यथावकाश लेटरबॉक्स्डवर उतरते. चित्रपट पाहताना श्रेयनामावली थांबवून छायालेखक, संकलक, ध्वनिमुद्रक यांची नावे उतरवून घ्यायची आणि सूचीत भरायची, हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याचे महत्त्व मोठे आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईत प्रभात चित्र मंडळासारखी जुनी फिल्म सोसायटी चळवळ आहे, चित्रपटांवर प्रेम करणारा एवढा मोठा समाज आपल्याकडे आहे. त्या समाजाच्या चित्रपटांची पाने जगाच्या सूचीत रिकामी राहावीत, याचे मला फार वाईट वाटते.

सशुल्क योजना दोन आहेत. ‘प्रो’ योजनेचा मूळ दर वर्षाला १९ डॉलर आहे आणि ‘पेट्रन’चा ४९ डॉलर. प्रो घेतल्यावर जाहिराती जातात आणि आकडेवारीचे पान मिळते: वर्षात किती तास चित्रपट पाहिले, कोणत्या देशांचे, कोणत्या भाषांतले, कोणता दिग्दर्शक आणि कोणते कलावंत सर्वाधिक वेळा आले, कोणत्या आठवड्यात किती पाहिले. पाहिलेल्या चित्रपटांच्या देशांचा नकाशाही रंगवून दाखवला जातो. पेट्रनमध्ये आपल्या पसंतीचे पोस्टर लावण्यासारख्या सजावटीच्या सोयी अधिक आहेत. रोजनिशीसाठी त्यांची गरज नाही. प्रोचे पैसे मला सार्थकी लागल्यासारखे वाटतात ते भाषांच्या तक्त्यामुळे. आपण मराठी चित्रपट आवर्जून पाहतो असे म्हणणाऱ्याने हा तक्ता जरूर उघडावा. इंग्रजीची आणि हिंदीची पट्टी केवढी, कोरियन आणि मल्याळमची केवढी, आणि मराठीची केवढी, हे तिथे डोळ्यांना दिसते. माझ्या पाहण्याचा कल या तक्त्याने खरोखर बदलला. चित्रपटगृहात आठवडाभरही न टिकणारा मराठी चित्रपट पहिल्या तीन दिवसांत पाहायचा, हा नेम त्यातूनच आला. अर्थात सूचीत एखाद्या मराठी चित्रपटाची भाषा चुकीची भरलेली असेल, तर तक्ताही तेवढा चुकतो. शिवाय चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’सारख्या चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चारही भाषा नांदतात, तेव्हा एका पट्टीवर फार विसंबू नये, चित्रपटाच्या पानावर मुख्य भाषा आणि बोलल्या गेलेल्या भाषा वेगवेगळ्या दिलेल्या असतात, त्या पाहाव्यात. ज्याला केवळ संख्या हवी आहे त्याला प्रोची आवश्यकता नाही, कारण यंदा किती चित्रपट पाहिले याचा आकडा विनामूल्य खात्यावरही दिसतो.

लेटरबॉक्स्डवरचे लेखन इतरांना दिसते, आणि लोकप्रिय ठरतात त्या बहुधा एका ओळीच्या चुरचुरीत टिप्पण्या. त्या वाचायला मजा येते, परंतु स्वतःच्या नोंदी लिहिताना तसे लिहिण्याचा मोह निर्माण होतो आणि टाळ्यांसाठी लिहिलेली ओळ पुढे आपल्याच उपयोगी पडत नाही. मी नोंदी मराठीत लिहितो. देवनागरी मजकूर कोणत्याही अडचणीशिवाय जतन होतो, आणि मराठीत लिहिताना मी जगाशी बोलत नसून स्वतःशी बोलतो, त्यामुळे नोंद अधिक प्रामाणिक उतरते. ॲपची भाषा मात्र मराठी नाही. इंग्रजीशी सवय नसलेल्या वडीलधाऱ्यांना पहिल्या दिवशी शेजारी बसून दाखवावे लागते.

वर्षाच्या मध्यावर सुरुवात करणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. बुकमायशोच्या खात्यात जुन्या तिकिटांचा इतिहास असतो आणि त्यात तारखा मिळतात. नेटफ्लिक्सच्या खात्यात पाहिलेल्या गोष्टींची तारखांसह यादी असते आणि ती उतरवूनही घेता येते. चित्रपटगृहाच्या खिडकीवरची छापील तिकिटे जपून ठेवलेली असल्यास त्यांवरून लवकर नोंदी कराव्यात, कारण उष्णतेने छापल्या जाणाऱ्या त्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडू लागतात.

वेब मालिकांसाठी ही सेवा उपयोगाची नाही. निवडक लघुमालिका सापडतात, पण अनेक पर्वांच्या मालिकांची नोंद ठेवायची असेल तर ट्रॅक्टसारखी सेवा वापरावी. नाटकांनाही येथे जागा नाही. ज्यांच्या वर्षात नाटक आणि चित्रपट बरोबरीने येतात, त्या मराठी प्रेक्षकांनी नाटकांसाठी साधी वही ठेवावी हे बरे.

सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडातल्या टायनी या कंपनीने लेटरबॉक्स्डमधला ६० टक्के हिस्सा घेतला. सेवेत त्यामुळे काही बिघडले असे मला आढळले नाही, पण ज्या रोजनिशीत आपली वर्षे साठत जातात ती दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकावर आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. म्हणूनच सगळ्या नोंदी उतरवून घेण्याची जी सोय सेटिंगमध्ये दिलेली आहे, ती मी या सेवेची सर्वांत विश्वासार्ह बाजू मानतो. विनामूल्य खात्यावरही ती मिळते. एक झिप फाइल उतरते आणि तिच्यात रोजनिशी, गुण, लिहिलेले मजकूर आणि पाहायच्या चित्रपटांची यादी अशा वेगवेगळ्या सीएसव्ही, म्हणजे तक्त्यासारख्या उघडणाऱ्या, फाइली असतात. दर तिमाहीला ती फाइल उतरवून ठेवावी. गूगल शीट्समध्ये उघडल्यास मराठी मजकूर जसाच्या तसा दिसतो. एक्सेलमध्ये थेट उघडल्यास अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे येऊ शकतात, तेव्हा फाइल आयात करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा.