सात महिने सांबा : सगळा खेळ पाव मात्रेचा

रुंबा आणि चाचाचा हे बॉलरूमचे, म्हणजे जोडीने करायचे नाच दोन वर्षं करत होते, सांबा मात्र टाळत आले होते. सात महिन्यांपूर्वी बॉलरूम सांबाचं मूलभूत तंत्र आणि स्टाइलिंग शिकवणारा रेकॉर्डेड कोर्स घेतला. आठवड्यातून चार दिवस, 40 मिनिटं सराव. त्यातले दोन दिवस जोडीदाराबरोबर. आता मत मांडण्याइतका घाम गाळून झालाय.

पहिल्या धड्यात एकही पाऊल नाही, फक्त बाउन्स. ठोक्यावर गुडघे आणि घोटे लवतात, दोन ठोक्यांच्या मध्ये सरळ होतात, पण ताठ होत नाहीत. रुंबाची सवय इथे आड येते. तिथे सरळ पायावर वजन घ्यायचं असतं, इथे लवत्या गुडघ्याने जमीन दाबायची. पहिले तीन आठवडे माझं डोकं वरखाली होत होतं. भिंतीला डोक्याच्या उंचीवर चिकटपट्टी लावून आरशात तपासत गेले, तेव्हा हालचाल हळूहळू कमरेखाली उतरली.

खरा धडा ‘एक-अ-दोन’चा. व्हिस्कमध्ये (एक पाऊल बाजूला, मग दुसरा पाय त्याच्या मागे) पहिलं पाऊल पाऊण मात्रेचं, ‘अ’ पाव मात्रेचा आणि शेवटचं पूर्ण मात्रेचं. मिनिटाला 50 बार (दोन-दोन ठोक्यांचे गट) म्हणजे 100 ठोके धरले, तर त्या ‘अ’ला जेमतेम 0.15 सेकंद मिळतात. तेवढ्यात संपूर्ण वजन टाकून परत काढणं अशक्य. म्हणून ‘अ’वर चवड्याने फक्त दाब द्यायचा, अर्धवट वजन. हे उमगायला मला दोन महिने लागले, आणि उमगल्यावर बोटाफोगो (पुढे, बाजूला, परत जागेवर अशी पावलं) एका संध्याकाळी सुटला. तोवर बाजूच्या पावलावर पूर्ण झुकत होते, त्यामुळे परतताना दर वेळी उशीर व्हायचा. संगीत लावण्याआधी तोंडाने ‘पाऊण, पाव, एक’ म्हणत पावलं टाका, असं मी प्रत्येकाला सांगेन.

स्टेशनरी सांबा वॉक, म्हणजे जागच्या जागी चालणंही याच दाबावर उभा आहे. मागचा पाय ‘अ’वर मागे रोवायचा आणि ‘दोन’ला पुढचा पाय सुमारे 7-8 सेंटिमीटर मागे ओढायचा. हा ओढा दिसायला किरकोळ आहे, पण तो नसेल तर वॉक नुसती चाल वाटते. व्होल्टासाठीचा (एक पाय दुसऱ्यापुढून ओलांडत जाण्याची चाल) धडा मला सगळ्यांत आवडला: पुढचा पाय बाहेर वळवून ओलांडायचा, आणि वर्तुळ पावलांनी नाही, तर धडाच्या वळण्याने काढायचं.

बाउन्स कुठे नको, हेही कोर्स नीट सांगतो. कोर्टा जाका आणि प्लेट (plait) या पावलांच्या रचनांमध्ये तो नाही. सुरुवातीला मी सगळीकडे लवत होते आणि कोर्टा जाकाची ती सरकती, जमिनीला चिकटलेली पावलं उड्यांसारखी दिसत होती. (पोर्तुगीजमध्ये ‘जाका’ म्हणजे फणस, आणि बोटाफोगो ही रिओमधली वस्ती. नावं कळली की पावलं जवळची वाटतात.)

आता तक्रार. हातांचं स्टाइलिंग चौथ्याच धड्यात येतं, व्हिस्कच्या लगेच पाठोपाठ. तोवर पाय स्थिर झालेले नसतात, त्यामुळे हात बरगड्यांपासून निघण्याऐवजी खांद्यापासून फेकले जातात. मी ते शिकले, मग महिनाभर विसरायला घालवला. पाचव्या महिन्यात त्याच धड्याकडे परत गेले, तेव्हा ‘हात हे पाठीच्या वळणाचं शेवटचं टोक’ हे वाक्य शरीरात शिरलं. दुसरी उणीव अशी, की फॉलोअरची (पुढाकार घेणाऱ्याच्या इशाऱ्यावर नाचणाऱ्या जोडीदाराची) पावलं फक्त समोरून दाखवलीत. मागून दाखवली असती, तर क्रिस-क्रॉस व्होल्टा शिकताना वेळ वाचला असता.

कोर्स कोणासाठी? आधी बॉलरूमचा एखादा नाच केलेल्यांसाठी. अगदी नव्यांना ‘लाइन ऑफ डान्स’ (फ्लोअरभर फिरण्याची ठरलेली दिशा) सारखे शब्द आणि पकड आधीच माहीत असावी लागेल. सांबा फ्लोअरभर फिरतो, म्हणून खोलीतल्या दोन चौरस मीटरमध्ये सराव करून भागत नाही. महिन्यातून दोनदा तरी मोठी मोकळी जागा मिळवा. मला ती सहाव्या महिन्यात मिळाली आणि पहिल्या फेरीतच कळलं, की प्रोमेनेड वॉकमध्ये (दोघांनी एकाच दिशेने पुढे चालताना) आम्ही दोघं प्रत्येक ‘दोन’ला एकमेकांपासून एक वीत दूर जातोय. सध्या तेवढ्याच एका गोष्टीवर काम चालू आहे.