सोलापुरातल्या गिटारवाल्यांसाठी रिव्हर्ब पेडल: बॉस आरव्ही-६, हॉल ऑफ फेम २ आणि होली ग्रेल नॅनो

मंगल कार्यालय रिकामं असताना मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. खाली फरशी, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब नाहीतर पत्रा. टाळी विरायला दीड-दोन सेकंद सहज लागतात. सोलापुरात इलेक्ट्रिक गिटार बहुतेक अशाच जागी वाजते. रिसेप्शन, कॉलेजचं गॅदरिंग, गणपतीचा मांडव, आणि एरवी रियाजाची १० बाय १२ ची खोली. म्हणून इथं रिव्हर्ब पेडल, म्हणजे गिटारच्या आवाजाला घुमणं देणारी पायाने चालवायची पेटी, घेताना मोड (घुमण्याचे प्रकार) किती आहेत हे मोजण्यात अर्थ नाही. आवाजाचं शेपूट किती आखूड करता येतं आणि वरचा चरचरीतपणा किती कापता येतो, हे आधी बघायचं. खाली तीन पेडल्स याच कसोटीवर तपासली आहेत.

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडे मिक्सरवाल्यापासून गायकापर्यंत सगळे रिव्हर्बला 'इको' म्हणतात. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूरचा गोलघुमट आहे, शाळेच्या सहलीत बहुतेकांनी पाहिलेला. तिथल्या सज्जात टाळी वाजवली की ती सुटी सुटी, पुन्हा पुन्हा परत येते. तो इको. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. घुमटाच्या आतला ३८ मीटरच्या आसपासचा व्यास पार करायला त्याला एक दशांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि एवढं अंतर कानाला वेगळं कळतं. छोट्या खोलीत हेच परतावे काही मिलिसेकंदांत, शेकड्यांनी येतात, एकमेकांत मिसळतात आणि आवाजामागे नुसती एक साय उरते. तो रिव्हर्ब. डिले पेडल पहिलं काम करतं, रिव्हर्ब पेडल दुसरं. दुकानात 'इकोचं पेडल द्या' म्हटलं तर हातात डिले पडण्याची शक्यता जास्त.

बॉस आरव्ही-६ हे २०१५ मध्ये आलेलं पेडल. चार नॉब आहेत: ई-लेव्हल (रिव्हर्बचं प्रमाण), टोन, टाइम (शेपटाची लांबी) आणि मोड. मोड आठ: रूम, हॉल, प्लेट, स्प्रिंग, मॉड्युलेट, शिमर, डायनॅमिक आणि डिले जोडलेला एक. आपल्या जागांसाठी यातले दोन मोड आणि एक नॉब खरे कामाचे.

पहिला रूम. टाइम घड्याळाच्या ९ वर, टोन १० वर, ई-लेव्हल १० च्या जरा अलीकडे. कार्यालयात एवढंच पुरतं. गिटार कोरडी वाटत नाही आणि हॉलच्या स्वतःच्या घुमण्यात भरही पडत नाही. दुसरा डायनॅमिक. यात तुम्ही जोरात वाजवता तेव्हा रिव्हर्ब मागे सरतो आणि हात हलका झाला किंवा सूर थांबला की पुढे येतो. ऱ्हिदम (गाण्यामागच्या कॉर्ड) आणि मधले छोटे लीडचे (एकेका सुराच्या चालीचे) तुकडे एकट्यानेच वाजवणाऱ्याला, म्हणजे इथल्या बहुतेक बँडमधल्या गिटारवाल्याला, याचा मोठा उपयोग. वेगाचे तुकडे चिखलात रुतत नाहीत.

कामाचा नॉब म्हणजे टोन. फरशीच्या हॉलमध्ये जो त्रास होतो तो मुख्यतः वरच्या पट्टीचा, प्लेक्ट्रमच्या टकटकीचा. टोन डावीकडे घेतला की मूळ सुराला धक्का लागत नाही, फक्त शेपटाचा चरचरीतपणा जातो. गिटारचा किंवा अ‍ॅम्पचा ट्रेबल कमी करून हे साधत नाही, कारण मग मूळ सूरच मंद होतो.

टाइम किती ठेवायचा याला एक सोपं गणित आहे. गाण्याचा ठेका मिनिटाला ९० असेल तर एक मात्रा ०.६७ सेकंदाची आणि चार मात्रांचा बार २.६७ सेकंदांचा. कॉर्ड मारून लगेच तळव्याने तारा दाबा आणि शेपूट ऐका. ते अर्ध्या बारात, म्हणजे १.३ सेकंदांच्या आसपास, विरलं पाहिजे. १२० च्या ठेक्याला हीच मर्यादा एक सेकंदावर येते. त्याहून लांब शेपूट पुढच्या कॉर्डवर चढतं, आणि दोन कॉर्डचे सूर जुळत नसतील तर ऐकणाऱ्याला गिटार बेसूर वाटते. बेसूर नसते, फक्त आधीची कॉर्ड अजून संपलेली नसते.

आरव्ही-६ चे उणे. स्प्रिंग मोड गुळगुळीत आहे. खऱ्या स्प्रिंगचा 'टिप्प' असा ओला ठिबका त्यात पुरता येत नाही. डिलेच्या मोडला पायाने टॅप करून ठेका जुळवायची सोय नाही, त्यामुळे तो धीम्या, मोकळ्या तुकड्यांनाच चालतो. शिमर वरचं सप्तक मिसळून ऑर्गनसारखा पडदा उभा करतो. घरी ऐकायला फार छान, पण कीबोर्ड असलेल्या बँडमध्ये दोघं एकाच जागेसाठी भांडतात. स्टिरिओची सोय आहे, मात्र एकच अ‍ॅम्प असेल तर आत-बाहेर दोन्हीकडे 'ए' लिहिलेल्याच जॅकला वायर लावायची.

टीसी इलेक्ट्रॉनिकचं हॉल ऑफ फेम २ हे २०१७ चं. इथेही चार नॉब, त्यातला डीके म्हणजे बॉसचा टाइम. शिवाय मधोमध एक छोटी कळ आहे, प्री-डिलेची. प्री-डिले म्हणजे मूळ सूर वाजल्यावर रिव्हर्ब सुरू होण्याआधीची फट. ही फट असली की सुराचं तोंड स्वच्छ ऐकू येतं आणि मागून साय येते. बॉसमध्ये ही वेगळी कळ नाही. टीसीमध्ये आहे, पण आखूड किंवा लांब एवढेच दोन पर्याय. लीडला लांब, ऱ्हिदमला आखूड. या एका कळीसाठी हे पेडल लीडवाल्यांनी आवर्जून ऐकावं.

याच्या पायाच्या बटणाला दाब कळतो. बटण दाबून धरलं आणि पायाचा भार वाढवला की निवडलेला गुण वाढत जातो. कल्पना उत्तम. पण जाड सोलच्या बुटात दाबाचा अंदाज येत नाही. पातळ तळव्याची चप्पल किंवा अनवाणी पाय, तेव्हाच ते नीट जमतं.

टोनप्रिंट म्हणजे कंपनीच्या अ‍ॅपमधली तयार सेटिंग्ज पेडलमध्ये उतरवायची सोय. वायर न लावताही ती उतरते. टाइपचा नॉब टोनप्रिंटवर आणायचा, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, मधली ड्राइव्ह (आवाज फाडणारी) पेडल्स बंद, आणि फोनचा स्पीकर पिकअपच्या, म्हणजे तारांखालच्या चुंबकी पट्टीच्या, अगदी जवळ धरून अ‍ॅपमधून पाठवायचं. मोडेमसारखं काहीतरी खरखरतं आणि सेटिंग पेडलमध्ये बसतं. होत नसेल तर फोनचा आवाज वाढवून स्पीकर नेमका तारांखाली पिकअपवर आणा. बहुतेक वेळा चूक तिथेच असते. तरीही जमलं नाही तर यूएसबी आहेच. मागचं झाकण उघडलं की आत बारीक कळा दिसतात. ट्रू बायपास (पेडल बंद असताना सिग्नल थेट पुढे) की बफर (बंद असतानाही सिग्नल पेडलच्या सर्किटमधून), हे त्यांनी ठरतं. बफरवर ठेवलं तर पेडल बंद केल्यावर शेपूट नैसर्गिकपणे विरतं, ट्रू बायपासवर ते कात्रीने कापल्यासारखं तुटतं. स्टेजवर वाजवणाऱ्याने बफरच ठेवावा.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं होली ग्रेल नॅनो हे तिघांत सर्वांत साधं आणि स्प्रिंगच्या बाबतीत सर्वांत गोड. एकच नॉब, तीन मोडची एक कळ: स्प्रिंग, हॉल आणि फ्लर्ब, म्हणजे रिव्हर्बमध्ये फ्लँजरची (वर-खाली झुलणाऱ्या आवाजाची) लहर. फेंडरने १९६१ मध्ये गिटारसाठी स्प्रिंग रिव्हर्बची वेगळी पेटी काढली, त्या घराण्याचा आवाज या पेडलच्या स्प्रिंगमध्ये ओळखीचा वाटतो. तार तोडून वाजवली की ठिबका येतो. खऱ्या स्प्रिंगला हादऱ्याचा त्रास असतो. शहराच्या पूर्व भागात, जिथं खाली माग धडधडतात, तिथं स्प्रिंगचा अ‍ॅम्प लाकडी फळीवर ठेवला तर स्प्रिंगा स्वतःच गुणगुणायला लागतात. डिजिटल पेडलला ही अडचणच नाही.

पण कसोटी लावली की हे पेडल मागे पडतं. तो एक नॉब फक्त रिव्हर्बचं प्रमाण बदलतो. शेपूट आखूड करायला नॉब नाही, टोनही नाही. खोलीत, अ‍ॅम्पवर, ९ ते ११ च्या दरम्यान ते सुरेख वाजतं. फरशीच्या कार्यालयात हॉल मोड लावला की सावरायला हातात काही उरत नाही. स्टेजपेक्षा घरी आणि रेकॉर्डिंगला जास्त वाजवत असाल तर जरूर घ्या.

बाजारात बोटभर आकाराची मिनी पेडल्सही बरीच आहेत, किमतीने फार खाली. सुरुवातीला एखादं घ्यायला हरकत नाही, फक्त टोनचा नॉब असलेलंच निवडा.

आता वीज. रिव्हर्ब पेडल 'खराब' निघालं अशी जी तक्रार असते, तिचं मूळ पुष्कळदा पेडलमध्ये नसतं, अ‍ॅडॉप्टरमध्ये असतं. ही पेडल्स ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि पिनच्या मधल्या भोकाला ऋण टोक लागतं. घरातल्या वायफाय राउटरचा अ‍ॅडॉप्टर पिनने बरोबर बसतो, पण त्यात मध्ये धन असतं आणि पुष्कळ अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचे असतात. बसतो म्हणून लावू नका. अ‍ॅडॉप्टरवरची गोलाची खूण वाचा. मधल्या ठिपक्याला वजा जोडलेला दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट मिलिअँपिअरची. साधं ओव्हरड्राइव्ह दहाच्या आसपास खातं, आरव्ही-६ ९५ आणि हॉल ऑफ फेम २ १००. सप्लायच्या त्या तोंडावर १०० हून कमी लिहिलं असेल तर पेडल लागतं, दिवा पेटतो, पण आवाज फाटतो किंवा पेडल मध्येच बंद पडतं.

तिसरी गोष्ट शिट्टीची. एकाच अ‍ॅडॉप्टरला माळेसारखी वायर लावून चार पेडल्स चालवली, की डिजिटल रिव्हर्बच्या घड्याळाचा बारीक 'ईईई' आवाज सामाईक अर्थमधून ड्राइव्हमध्ये शिरतो आणि ड्राइव्ह तो मोठा करतं. ही चूक शोधायला आरव्ही-६ सोयीचं आहे, कारण त्यात ९ व्होल्टची बॅटरी बसते. रिव्हर्बची अ‍ॅडॉप्टरची पिन काढा, बॅटरीवर चालवा. शिट्टी गेली तर पेडल निर्दोष, प्रत्येक तोंड वेगळं असलेला आयसोलेटेड सप्लाय घ्या. शिट्टी नसून जाड 'घूं' असेल तर ते बोर्डाचं अर्थिंग, आणि जुन्या वाड्यांत ते पुष्कळदा नसतंच. तिथं इलेक्ट्रिशियन लागतो. अ‍ॅडॉप्टरची अर्थची पिन तोडून हा आवाज घालवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, शॉक बसतो. बॅटरीवर आख्खा कार्यक्रम काढायचा विचारही नको. अल्कलाइन बॅटरी चार-पाच तासांत संपते, आणि इनपुटची वायर लावून ठेवली तर वाजवत नसतानाही उतरत राहते.

क्रम: गिटार, ट्यूनर, ड्राइव्ह, डिले, शेवटी रिव्हर्ब. रिव्हर्ब ड्राइव्हच्या आधी लावला तर शेपटालाही ड्राइव्ह लागतं आणि सगळ्याचा रबरबाट होतो. अ‍ॅम्पचंच डिस्टॉर्शन वापरत असाल आणि अ‍ॅम्पच्या मागे सेंड-रिटर्न (डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायचे जॅक) असेल तर रिव्हर्ब तिथं लावा.

अ‍ॅम्प नसताना थेट मिक्सरला जायचं असेल तर रिव्हर्बच्या आधी कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्पीकरपेटीच्या आवाजाची नक्कल, हवंच. नाहीतर डिस्टॉर्शनची मधमाश्यांसारखी गुणगुण रिव्हर्ब हॉलभर पसरवतो आणि दोष पेडलला जातो.

जुनं पेडल घेताना नॉब सावकाश पूर्ण फिरवा, खरखर आली तर धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. जॅकमध्ये वायर हलवताना आवाज गेला-आला तर सोल्डर सुटलाय. बॉसच्या पायाखालचं बटण लहान आणि स्वस्तात बदलून मिळणारं असतं. उन्हाळ्यात पेडलबोर्ड गाडीच्या डिकीत ठेवू नका. सोलापूरच्या मे महिन्यात वेल्क्रोचा गोंद पातळ होतो आणि पेडल बोर्डवरून सरकतं. घरी खोलीच घुमत असेल तर पेडल ऐकण्याआधी अ‍ॅम्पसमोरच्या भिंतीवर दोन सोलापुरी चादरी दुहेरी करून, भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. खर्ज थांबणार नाही, पण वरची चरचर बरीच उतरते आणि पेडलचा खरा टोन ऐकू येतो.

तिघांत एकच घ्यायचं आणि ते स्टेजवर न्यायचं असेल तर आरव्ही-६. लीडच जास्त वाजवत असाल तर हॉल ऑफ फेम २.

आणि साउंडवाल्याशी कार्यक्रमाआधी बोला. गायकासाठी लावलेला 'इको' तो सवयीने सगळ्या चॅनेलवर थोडाथोडा देतो. गिटारच्या चॅनेलचा इफेक्टचा नॉब शून्यावर ठेवायला सांगा, नाहीतर रिव्हर्बवर रिव्हर्ब चढतो. साउंडचेकला हॉल रिकामा असतो, माणसं भरली की त्यांचे कपडे आवाज पितात आणि घुमणं कमी होतं. म्हणून दुपारी ई-लेव्हल जरा कोरडाच ठेवा, नॉबच्या टोकाशी चिकटपट्टीची खूण करा, आणि खुर्च्या भरल्यावर खुणेच्या किंचित पुढे न्या.